मांडीवरची स्टेपनी

पहाटेच्या शांततेत हॉलमधून 'पीं' असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'पीं'. माझ्या लेकीच्या, गुंजनच्या मानेखालून हलकेच हात काढून मी बाहेर आले. माझे यजमान हेमराज वजनकाट्यासमोर उकिडवे बसले होते आणि काट्यावर गुंजनची पाण्याची बाटली उभी होती.

"भरलेली नको नेऊ," मान वर न करता ते म्हणाले. "भिवापूरलेही पाणी मिळते."

भिवापूर हे माझं माहेर. त्या दिवशी तिथे माझ्या एकुलत्या भावाचं, साहिलचं साक्षगंध होतं. नवरीची ओटी नवरदेवाच्या बहिणीने भरायची, आणि बहीण मी एकटीच. त्यामुळे माझं वेळेत पोहोचणं आवश्यक होतं. गाडीचं पोहोचणं अत्यावश्यक होतं.

गाडी ही आमच्या कुटुंबातली सर्वांत मानाची व्यक्ती. बुटीबोरीच्या एका कारखानदाराने ती विकायला काढली आणि सीताबर्डीत मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला ती स्वस्तात मिळाली. 'स्वस्तात' हा शब्द पहिल्यांदा टाकी भरली त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी उच्चारलेला नाही. तिची ताकद अशी, की अजनी चौकात सिग्नल सुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहते. मग उभ्या उभ्या पेट्रोल पिते.

सोसायटीचे चौकीदार रामाजी यांनी गाडीचा पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "मस्त हाय साहेब. किती देते?"

"चालवण्यावर आहे," हेमराज म्हणाले.

ते खोटं नव्हतं. चालवली नाही तर ती काहीच पीत नव्हती. म्हणून गाडी शक्यतो चालवायची नाही, असं घराचं पहिलं धोरण ठरलं आणि हेमराज दुकानात मेट्रोने जाऊ लागले. दुसरं धोरण एसीबाबत होतं. एसी ॲव्हरेज खातो, म्हणून मे महिन्यातही बंद. काचा खाली घेतल्या तर लोक म्हणतील, यांना एसी परवडत नाही, म्हणून काचाही बंद. घाम पुसायला मनाई होती. सासूबाई, म्हणजे कुसुमावतीबाई, तर गाडीत बसताना अंगावर शाल घ्यायच्या, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याची खात्री पटायची.

तिसरं धोरण वजनाचं, आणि ते भिवापूरच्या दौऱ्यानिमित्त तातडीने अमलात आलं. पायपुसणी गेली. मागची सीट निघून हॉलमध्ये आली. खरं सांगायचं तर तिथे ती शोभते. डॅशबोर्डवरच्या गणपतीला धार्मिक कारणास्तव सूट मिळाली. निंबू-मिरचीतला निंबू काढला, मिरची हलकी म्हणून राहिली.

"मागची सीट नाही, तं आम्ही बसायचं कुठं?" मी विचारलं.

"तोच तं मुद्दा सांगून राहिलो. तुम्ही तिघी मिळून किती भरता, माहीत आहे काय?" हेमराज काट्याकडे बोट दाखवत म्हणाले. "एसटी आहे ना. बायांले अर्ध तिकीट."

"मंग तुम्हीही एसटीनंच चला ना."

"अन् गाडी? गाडी नाही दिसली तं तुझ्या माहेरचे काय म्हणतील? मी हे कोणासाठी करून राहिलो, मयुरी?"

"नवऱ्याची इज्जत राख वं थोडीशी," सासूबाई शालीची घडी करत म्हणाल्या.

राहता राहिली स्टेपनी. ती भयंकर जड. ती गाडीसोबत असणं बंधनकारक. मात्र गाडीतच असली पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे एसटीत माझ्या मांडीवर स्टेपनी, स्टेपनीच्या खळग्यात घरट्यातल्या पिलासारखी गुंजन आणि तिच्या मांडीवर ओटीचं ताट, अशी आम्ही निघालो.

"हे काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"चाक आहे, दादा."

"एसटीले हायेत ना चाकं, ताई."

उमरेडच्या अलीकडे आमच्या बसने आमच्या गाडीला मागे टाकलं. हेमराज एका ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टरच्याच चालीने येत होते. काचा बंद. चेहरा वाळत घातलेल्या मिरचीसारखा, आणि त्यावर गारव्याचं हसू.

"बाप्पा! काय गाडी हाय," शेजारची काकू म्हणाली. "किती देत असंन?"

"माझ्या बाबांची आहे!" गुंजन ओरडली.

"हाव बेटा. अन् ही एसटी माझ्या बुढ्याची."

सगळी बस हसली. गुंजनने माझ्याकडे पाहिलं. मी ताटातला नारळ नीट केला.

मांडवासमोर दोन्हीकडची मंडळी रस्त्यावर उभी होती. मी चाक घेऊन उतरले, तशी ती आमच्या डोक्यावरून मागे पाहू लागली.

"आली काय वं?" आई म्हणाली. "गाडी कुठाय?"

"मागून येऊन राहिली. आई, मी ओटी भरून घेऊ काय?"

"घाई काय हाय?" नवरीचे काका म्हणाले. "गाडी येऊ द्या. नवरीचा फोटो गाडीजवळ घेऊ, मंग ओटी."

मांडवात पाटावर बसलेली नवरी करिष्मा माझ्या हातातल्या ताटाकडे आणि काखेतल्या चाकाकडे आळीपाळीने पाहत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मयुरी, पंक्चर झाली," हेमराजांचा आवाज अगदी क्षीण होता. "उमरेडच्या पुढं उभा आहे. चाक घेऊन ये. कोणाच्या हाती देऊ नको, महागाचं आहे. अन् ऐक ना, इथं कोणीच नाही. काच खाली घेऊ काय?"

"घ्या," मी म्हणाले.

साहिलचा मित्र मोटरसायकल काढू लागला, तर आईनेच त्याला अडवलं. "नको रे बाप्पा, पाडशीन. तूच जा वं मयुरी, जपून ने. आम्ही थांबतो." सासूबाई कूलरसमोर शाल पांघरून बसल्या होत्या, त्यांनीही मान हलवली. ताट मी करिष्माच्या पाटाशेजारी ठेवलं.

परतीच्या बसमध्ये पुन्हा मांडीवर चाक आणि चाकात गुंजन. पुढे एक माणूस टीव्हीचं भलंमोठं खोकं कवटाळून उभा होता. खोकं दबेल म्हणून रिकामी सीट असूनही बसत नव्हता. पलीकडच्या बाई साडीला सुरकुती पडू नये म्हणून पाठ टेकत नव्हत्या. एक काका फेट्याचा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून होते, आणि खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या डोळ्यांत जात होतं.

गुंजन सगळ्यांकडे एकेक करून बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून तिने हळूच विचारलं,

"आई, यांच्या गाड्या कुठं बंद पडल्या?"