दळवीकाकांची जर्मन मुलं

ऑगस्टमध्ये कतारच्या दोह्यात गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं आणि गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. अशा दिवसांत लोकरी मोज्यांबद्दल मायेने बोलणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे. तो म्हणजे आमचे दळवीकाका.

शहराच्या अल दुहैल भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये काका आणि काकू आमच्या शेजारच्या व्हिलात राहायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता आणि काका एका स्टेडियमच्या एसीचं काम बघत होते. भर उन्हाळ्यात हजारो माणसांना गार कसं ठेवायचं, यात दिवसभर डोकं घालायचं. आणि घरी आलं, की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतली मुलं काय कपडे घालत, याच्यात रमायचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "आवड असते एकेकाची."

संध्याकाळची अजान झाली, की ते पोहण्याच्या तलावाकाठी खुर्ची टाकून बसायचे. पोरं पाण्यात, आम्ही आया काठावर. हवेत बारीक धूळ असायची आणि तिच्यातून दिवे पिवळट, लांबचे वाटायचे. काका एखाद्या पोराकडे बोट दाखवून सुरू करायचे.

"तो लाल चड्डीवाला बघ, मंजिरी. त्या काळी तिकडे त्याला गुडघ्यापर्यंत विजार असती. वर खलाशाचा सदरा, पाठीवर रुळणारी निळी कॉलर, कॉलरवर पांढऱ्या रेघा. समुद्र न पाहिलेली पोरंसुद्धा खलाशी बनून शाळेत जायची."

मग डोळे मिटायचे. "आणि खाली लांब काळे मोजे. लोकरीचे. लोकर म्हणजे लोकर."

हे मोजे मांडीपर्यंत यायचे आणि आतल्या एका बंडीला बटणांनी अडकवलेले असायचे. ते टोचायचे, पोरं अख्खा हिवाळा पाय खाजवत बसायची, हे काका अशा कळवळ्याने सांगायचे, जणू आपल्या भाच्यांबद्दल बोलताहेत. मुलींच्या फ्रॉकवरचे पांढरे एप्रन, घोट्याच्या वर चढणारे बटणांचे बूट, सगळं हळू आवाजात, मध्येच थांबत. ऐकता ऐकता भिंतीपलीकडच्या रस्त्यावर बर्फ पडतोय आणि मुलं मिटल्या तोंडाने शाळेला निघालीत असं वाटायला लागायचं. एकदा तर मी खरंच ओढणी अंगाभोवती घेतली होती. पारा चाळिशीच्या वर होता.

काकू वैतागायच्या. म्हणायच्या, बाकीच्यांचे नवरे क्रिकेट बघतात, आमचे हे मेलेल्या पोरांचे कपडे बघतात.

एका शुक्रवारी काकांनी मला लॅपटॉपवर एक जुना फोटो दाखवला. खुर्चीवर उभं केलेलं चारेक वर्षांचं मूल, झालरीचा फ्रॉक, कमरेला पट्टा. मुलगा की मुलगी, त्यांनी विचारलं. मी मुलगी म्हटलं. काका खूश झाले.

"मुलगा. भांग बघ, बाजूला पाडलाय. मुलींचा सहसा मधोमध असतो. तिकडे तेव्हा चार-पाच वर्षांपर्यंत सगळ्या मुलग्यांना फ्रॉक घालायचे. श्रीमंत असो, गरीब असो. कुणी हसत नसे."

वर्ल्ड कपला थोडे महिने उरले, तेव्हा कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये मुलांची मिरवणूक ठरली. प्रत्येक घराने चिठ्ठी उचलायची, जो देश येईल त्या देशाचा पोशाख मुलाला घालायचा. आमच्या अर्णवला जर्मनी आली. मी मॉलमधून पांढरी जर्सी आणायच्या विचारात होते. पण काकांना बातमी कळली आणि जर्सीचा विषय तिथेच खलास झाला.

ते मला घेऊन सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेले. दुकानदाराने कुठलं सुती कापड काढलं, की काका ते बोटांनी चोळून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी त्यांनी हिंदीत लोकर मागितली. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हाताने वारा घेतल्यासारखं करून दाखवलं. मी अर्णवच्या अंगावर घामोळं येईल म्हटलं, तेव्हा कुठे काका सुतीवर आले. पुढचे काही आठवडे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन बसलं आणि काकू सोफ्यावर ताट घेऊन जेवू लागल्या.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी मी अर्णवला घेऊन त्यांच्याकडे गेले. पलंगावर दोन पोशाख ठेवलेले होते. एक निळा-पांढरा खलाशाचा. दुसरा फ्रॉक, बदामी रंगाचा, पुढे बारीक चुण्या, बाह्यांना हाताने विणलेली लेस. इतकी सुंदर शिवण मी क्वचितच पाहिली असेल.

"अर्णव चार वर्षांचा," काका म्हणाले. "खरं तर त्याला हाच. पण नको. खलाशी घालू."

मी म्हटलं, चालेल की, लहानच आहे अजून, आणि इतका सुरेख झालाय.

"नको. हसतील त्याला."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि फ्रॉकची घडी घालायला लागले. घडी घालता घालता त्यांनी सांगितलं.

त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. म्हणून काका झाले तेव्हा आईने यांना मुलीसारखं वाढवलं. फ्रॉक, बांगड्या, दोन वेण्या. कुणी विचारलं तर मुलगी झाली म्हणून सांगायची, म्हणजे दृष्ट लागू नये, हा तरी राहावा. रोज संध्याकाळी पडवीत मांडीत घेऊन वेण्या घालायची आणि घालताना काहीबाही गुणगुणायची. एका लग्नात मोठ्या पोरांनी यांना भिंतीशी उभं करून फ्रॉक वर केला आणि सगळा मांडव हसला. आई धावत आली, यांना उचलून घरी घेऊन आली.

"पाचवं लागलं तेव्हा केस कापले," काका म्हणाले. "शर्ट-चड्डी आली. मला वाटलं, आता कुणी हसणार नाही. पण त्या संध्याकाळी मी पडवीत जाऊन बसलो आणि आई आलीच नाही. मुलगा जगला होता ना. तिचं काम झालं होतं. त्यानंतर तिने मला कधी मांडीवर घेतलं नाही."

पुढे नोकरीत कंपनीने त्यांना मशीनच्या ट्रेनिंगला जर्मनीतल्या एका लहान गावी पाठवलं. रविवारी सगळं बंद, म्हणून एका म्युझियममध्ये शिरले. तिथे भिंतीवर फ्रॉक घातलेल्या मुलग्यांचे फोटो होते, ओळीने. बंद व्हायची वेळ होईपर्यंत ते तिथेच उभे होते.

"मला वाटायचं, जगात मी एकटाच," ते म्हणाले. "तिथे तर अख्खा देश होता."

काकू कधी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी पुढे होऊन काकांच्या हातातला फ्रॉक घेतला आणि आपल्या साड्यांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला.

क्लबहाउसकडून स्पीकरचा आवाज यायला लागला. अर्णवला खलाशाचे कपडे चढवून झाले होते, कॉलरखालचा रुमाल तेवढा बांधायचा राहिला होता. काकांनी त्याला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभं केलं. एरवी एक क्षण जागेवर न थांबणारा अर्णव त्यांच्या मांडीवर रेलून गप्प उभा राहिला.

"लेट होतंय, आजोबा," तो इंग्रजी वळणाने म्हणाला, पण हलला नाही.

गाठ बसली होती. तरी काकांचे हात त्याच्या गळ्याशीच होते. काकूंनी मला खूण केली आणि आम्ही दोघी बाहेर जाऊन उन्हात थांबलो.