मातुश्री वेणूबाईसाहेब यांणीं इंजिनाची पुली उतरविली ती हकीकत

श्रीगजवदनाचें स्मरण करून, लिहिणाराची मति थोडी आणि प्रसंग थोर हें आधींच कबूल करून लिहितों. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासीं एका राज्यांत मोटार घरींच बांधावी ऐसें ठरलें. राज्य म्हणजे एक बंगली, पुढें अंगण, अंगणांत पत्र्याची शेड. गादीवर मातुश्री वेणूबाईसाहेब, आणि कारभारीं त्यांची सून ऋजुताबाई. मातुश्रींचे यजमान कैलासवासी जगन्नाथराव यांची जुनी मोटार गंजून मातीस मिळाली, परंतु इंजिन शाबूत राहिलें. तें नव्या मोटारीस घालावें ऐसी मातुश्रींची मर्जी जाहली. मग सुट्या भागांचा संच आणविला, आणि दोघींनीं मिळून सांगाडा उभा केला, आणि इंजिन आंत उतरवून पाहातात तों पुढील पुली सांगाड्याच्या आडव्या नळीस टेकली. पुली म्हणजे इंजिनाच्या तोंडावरील चाक, त्यावर पट्टा बसतो, आणि पट्ट्यानें पाण्याचा पंप व वीज करणारें यंत्र फिरतें. जुनी पुली दोन खांचांची, जाड. नव्या मोटारीस एका खांचेची पुरे. सबब इंजिन पुन्हा लोखंडी घोडीवर चढविलें, आणि जुनी उतरवून कोणती बसवावी याची मसलत बसली.

ऋजुताबाई म्हणाल्या, "आई, अ‍ॅल्युमिनियमची घेऊ. हलकी आहे, गाडी कशी सपकन उचलेल!" मातुश्री बोलिल्या, "अगं, जुनीच्या पोटात रबराचं कडं आहे. इंजिनाची थरथर तेच गिळतं. तुझ्या हलकीत ते कुठंय?" ऋजुताबाई म्हणाल्या, "एवढ्याशा रबरानं काय होतंय?" मातुश्रींनीं आधीं जुनी उतरवूं म्हणोन आज्ञा केली.

मग पुलीच्या मधल्या बोल्टास तेल पाजलें, आणि पान्यास लांब नळी लाविली, आणि मागील दातेरी चाक फिरूं नये म्हणोन ऋजुताबाईंनीं दात्यांत पहार अडकवून दोहीं हातीं दाबून धरिली. पहार निसटती तर बोटें जातीं. बोल्ट आंत मोडता तर इंजिनच जातें. मातुश्रींनीं अंगाचा भार घातला, बोल्ट हालेना. पुन्हा घातला, हालेना. तेव्हां मातुश्री घाम पुसून म्हणाल्या, "ह्यांनीच आवळलाय हा. शेवटचा पट्टा बदलला तेव्हा. माझं कधी ऐकलंय, की आता ऐकतील!" ऋजुताबाईंस हांसूं आलें, परंतु मातुश्रींचे डोळे पाहून तें जिरलें. हलक्या आवाजें म्हणाल्या, "आई, राहू दे का? सांगाड्याची नळीच कापून वळवू." मातुश्रींनीं बोल्टावर हात ठेविला. मग म्हणाल्या, "नको. गाडी चालायला हवी. धर नीट."

आणि पदर खोंवून तिसऱ्यानें ऐसें बळ केलें कीं तोफ सुटावी तैसा आवाज जाहला. ऋजुताबाई ओरडल्या, "मोडला!" परंतु मोडला नव्हता, सुटला होता. पुढें तो मातुश्रींनीं नुसत्या बोटांनीं फिरवून काढिला, आणि मुठींत धरून बसल्या.

बोल्ट निघाला तरी पुली दांडा सोडीना. ऋजुताबाई पुली ओढून काढावयाच्या हत्याराचे, म्हणजे पुलरचे, आंकडे तिच्या कडेस लावूं गेल्या, तों मातुश्री म्हणाल्या, "कडेला नको गं, रबर फाटेल. मधल्या भोकांत स्क्रू घालून ओढ." तैसें करितां पुली अलगद हातीं आली. ऋजुताबाईंनीं ती उजेडास नेली आणि अंगठ्यानें रबर दाबून पाहिलें. तें सुकून तडकलें होतें, जागोजाग सुटलें होतें, तरी शेवटवर लोखंडास बिलगून होतें. बाई थक्क जाहल्या. म्हणाल्या, "आई, इतकी वर्षं सगळी थरथर हिनं एकटीनं सोसली?" मातुश्री म्हणाल्या, "मग कोणती आणायची? चालवायची तुलाच आहे." "रबराची. एका खाचेची," म्हणोन ऋजुताबाई तात्काळ बोलिल्या, "आणि बोल्टही नवा. हा जुना तुमच्याजवळ राहू दे."

मग नवी पुली आली, आणि पुली, पंप व वीजयंत्र यांचीं तिन्ही चाकें एका रेषेंत आहेत ऐसें ताणल्या दोऱ्यानें पाहिलें, आणि नवा बोल्ट ऋजुताबाईंनीं आपले हातें आवळिला, आणि पट्टा चढवून इंजिन मोटारींत बसविलें. नळी आणि पुली यांमध्यें बोटभर जागा राहिली. उपरांत चावी फिरविली. इंजिन खोकलें, थांबलें, पुन्हा खोकलें, आणि गर्जून उठलें. काय वर्णावें! पट्टा इतक्या वेगें धांवे कीं उभा आहे ऐसा भासे. चाक फिरतें कीं स्थिर आहे तें डोळ्यांस उमगेना. इंजिनावर पाण्याचा पेला ठेविला, त्यांत बारीक वर्तुळें उठलीं, परंतु थेंब सांडला नाहीं. दोघी पाहात राहिल्या. ऋजुताबाईंचे ओंठ हालत होते, शब्द ऐकूं येत नव्हता. मातुश्रींनीं पेला उचलून तें पाणी पिऊन टाकिलें, फाटक उघडिलें, शेजारच्या आसनावर बसल्या आणि म्हणाल्या, "चल, काढ बाहेर."

सारांश, एका राज्यांत दोन बायकांनीं एक चाक काढिलें आणि दुसरें बसविलें. लिहिणारानें हें डोळां पाहिलें, आणि मोटार वळणाआड जाईतों त्याचे हात जोडलेलेच होते. लेखनसीमा.