सरांचा उजवा हात

चिंतामणी सरांच्या स्कूटरची किल्ली महिनाभर अजिंक्यच्या खिशात होती. स्कूटर भाजीवाल्याच्या हातगाडीला घासली, तेव्हापासून.

"बाबा, ज्येष्ठांच्या वर्गाला जा. महिन्याने तिथल्या देवयानी मॅडम तुमची चाचणी घेऊन फॉर्म भरतील. तो चांगला आला की किल्ली तुमची," त्याने तेव्हाच बजावलं होतं.

वर्ग बागेत भरायचा. संथ हालचाली, श्वासावर लक्ष. मन उल्हसित राहतं, स्मरण टिकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकोणऐंशी वर्षांचे सर, घरी बसून गप्प गप्प झालेले, पहिल्या रांगेत उभे राहू लागले.

फॉर्मच्या दिवशी अजिंक्यही आला. तोल, श्वास, स्मरण सगळं ठीक. राहिली दिशा, म्हणजे डावं-उजवं.

"उजवा हात वर," देवयानी म्हणाली.

सरांचा डावा वर गेला. मागच्या चौदा जणांचाही डावाच.

"उजवा," ती हळूच म्हणाली. पंधरा डावे हात आणखी ताठ झाले.

"माझंच शिकवणं चुकतंय वाटतं," ती पुटपुटली.

"तुमचं न्हाय मॅडम," रिक्षावाला बसलिंगप्पा मागून म्हणाला. "आमी सरांकडं बघतोय. शाळेत कवायत त्यांनीच शिकवली की आमाला."

सर ओशाळले. "मुलांकडे तोंड करून उभा राहायचो. मी डावा उचलला, तर समोरची पोरं बघून उजवा उचलायची. छत्तीस वर्षं 'उजवा' म्हणत डावाच उचलला."

"मग सर, तुमची जागा चुकली," देवयानी म्हणाली. " इकडे, समोर या."

सर वळून उभे राहिले. "उजवा हात... वर." त्यांचा डावा गेला, समोर चौदा उजवे. केस पिकले होते, कवळ्या आल्या होत्या, पण रांग तीच होती. शेवटच्या टोकाला उभी प्रेमला अजूनही अर्धा ठोका मागे.

"प्रेमला, उशीर."

"हो सर," बासष्ट वर्षांची प्रेमला म्हणाली आणि लाजली.

सरांना मैदानावरच्या धुळीचा वास आला. देवयानीने लिहिलं : दिशा, उत्तम.

अजिंक्यने किल्ली दिली आणि स्कूटरवर मागे बसला. सात रस्ता चौकात सर म्हणाले, "उजवीकडे वळतो," आणि डावा इंडिकेटर लावून उजवीकडे वळले.

मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. पाठोपाठ येणाऱ्या बसलिंगप्पाने त्या गाड्यांना रिक्षा आडवी घातली. "थांबा की जरा. डावा दिवा म्हंजे सर उजवीकडं वळणार, कळत न्हाय व्हय?"

घरी आल्यावर अजिंक्य म्हणाला,

"बाबा, इंडिकेटर डावा होता."

"समोरून येणाऱ्याला तो त्याच्या उजव्या बाजूलाच दिसला असेल की."

अजिंक्यने हात पुढे केला. सरांनी थोडा वेळ किल्लीकडे पाहिलं आणि ती त्याच्या हातावर ठेवली. मग कपाटाचा खालचा खण उघडून बराच वेळ काहीतरी शोधत बसले.

आता सकाळी बसलिंगप्पाची रिक्षा त्यांना बागेत न्यायला येते. किल्ली अजिंक्यच्याच खिशात असते. सरांच्या खिशात कवायतीची शिट्टी.