कोसमघाटचे मुके साहेब

"आज मी कोणाशी म्हणजे कोणाशीच भांडणार नाही!" अशी घोषणा यशवंतरावांनी सकाळी सात वाजता रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या ओट्यावर दात घासता घासता केली, आणि चूळ भरायच्या आत समोरच्या गल्लीत तिरपी स्कूटर लावणाऱ्याचा उद्धार केला.

"हे भांडण नव्हतं," घरात येऊन ते म्हणाले. "हे शिस्त लावणं होय."

इंदूताईंनी फक्त टॉवेल पुढे केला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी या दोन गोष्टींतला फरक शोधायचा प्रयत्न केला होता आणि पहिल्या सहा महिन्यांतच सोडला होता.

यशवंतराव सरकारी कचेरीतून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा राग तसा साधा, शाकाहारी. खायला एकच गोष्ट लागायची: मोडलेली रांग. पण रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि या रागाची चंगळ झाली. गावात जेवढ्या गाड्या तेवढ्या पाट्या! कोणी अध्यक्ष, कोणी उपाध्यक्ष, कोणी कुणाचा प्रतिनिधी, आणि सगळे रांगेच्या पुढे. परवा एका सुमोवर तर त्यांनी 'पूर्व प्रत्याशी' अशी लाल पाटी वाचली. म्हणजे निवडणुकीत पडलेला माणूस! पडल्याची पाटी लावून पेट्रोलपंपावर पुढे घुसला! त्या दिवशी यशवंतरावांना जेवण गेलं नव्हतं.

आज मात्र भांडून चालणार नव्हतं. नदीपलीकडे, धरणाच्या कॉलनीत, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा, ज्योतीचा, साखरपुडा होता. मुहूर्त बारा वीसचा. नवऱ्या मुलाची अंगठी मामाने आणायची ठरली होती आणि ती सदर बाजारातून घेऊन मामाकडे तयार होती. बहीण सत्यभामा हिने आदल्या दिवशी फोन केला होता.

"दादा, ज्योतीच्या बारशाले तू पेट्रोलपंपावर भांडून राहिला होता. तिच्या बाबांच्या रिटायरमेंटले रेल्वे फाटकावर. मागच्या भाऊबीजेले कुठं होता?"

"गॅस एजन्सीत. पण तो माणूस..."

"मले त्या माणसाचं सांगू नको! पोराकडचे नागपूरचे आहेत, घड्याळ समोर ठेवून बसतात. बारा वीसले अंगठी आली नाही, तर मले भाऊ नव्हता असं समजीन मी."

बहीण हे बोलली आणि रडली. भांडली असती तर यशवंतरावांना बरं वाटलं असतं.

तेव्हा इंदूताईंनी निघताना बंदोबस्त केला. देवापुढच्या ताटलीतली एक अख्खी, गोटीसारखी टणक सुपारी त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"घाटावर पोचलो की तोंडात. पलीकडे उतरलो की थुंका."

"मी काय लहान पोट्टा आहो काय?"

"लहान पोट्टा असता तर चॉकलेट दिलं असतं. अन् ती अंगठीची डबी आना इकडे. देवापुढे ठेवून हळदकुंकू लावते."

डबी देवघरात गेली आणि लाल धागा गुंडाळून बाहेर आली. "आता मधात उघडू नका," असं बजावून त्यांनी ती परत दिली. यशवंतरावांनी ती सफारीच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर दोनदा थापटून पाहिलं.

दुसऱ्या खिशात त्यांची स्वतःची तयारी होती. कोसमघाटावर पूल व्हायचा होता. त्याचं भूमिपूजन दोनदा झालं होतं, दोन वेगवेगळ्या मंत्र्यांच्या हस्ते, दोन वेगवेगळ्या दगडांवर. पूल होईपर्यंत सरकारने गाड्या वाहून नेणारी एक सपाट नाव सोडली होती. लोक तिला मोटर-डोंगा म्हणत. एका खेपेला सहा गाड्या. तिथे रांगेचं काय होत असेल या नुसत्या कल्पनेने यशवंतराव आठवडाभर पेटले होते, आणि त्या पेटल्या अवस्थेत त्यांनी 'डोंगा-शिष्टाचार' नावाचं एक पत्रक हिंदीत छापून घेतलं होतं. पन्नास प्रती. रांग मोडू नये. हॉर्न वाजवू नये. नावेवर इंजिन बंद, हँडब्रेक वर, दिवे बंद. गाडी चढताना सवाऱ्यांनी खाली उतरावं. पायी चढणाऱ्यांनी सर्व गाड्या चढल्यावरच यावं. या शेवटच्या कलमाखाली त्यांनी लाल शाईने स्वतःच्या हाताने पन्नास वेळा लिहिलं होतं: 'काम कितना भी अर्जेंट क्यों न हो!'

"पापा, ये सब कौन पढ़ेगा?" गाडी चालवणारा सचिन म्हणाला. घरात मराठी कळायची त्याला, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"वाचतील. न वाचून जातात कुठं!"

साडेदहाला त्यांची मारुती घाटावर पोचली तेव्हा रांगेत तिचा नंबर पाचवा होता. यशवंतरावांनी बोटं मोजली. अकराच्या खेपेत गाडी चढणार, साडेअकराला पलीकडे, तिथून पाच मिनिटांवर कॉलनी. फक्त मधे कोणी घुसता कामा नये. ती खेप चुकली तर पुढची पाऊण वाजता उतरवणार!

"सुपारी," इंदूताई म्हणाल्या.

यशवंतरावांनी ती गालात धरली, आणि आपल्याच नियमाप्रमाणे गाडीतून उतरले. इंदूताईंचे गुडघे नियम मानत नव्हते, त्या मागच्या सीटवर बसून राहिल्या.

"पापा, मत उतरो ना," सचिन म्हणाला.

"हुं!" असं म्हणून पापा पत्रकं घेऊन निघाले.

आता पाहा, घाटावरच्या लोकांना काय दिसलं. पांढरी इस्त्रीची सफारी. खिशाला दोन पेनं. हातात कागदांचा गठ्ठा. भुवया आकसलेल्या, एक गाल फुगलेला, आणि तोंडातून शब्द नाही! प्रत्येक ड्रायव्हरसमोर हा माणूस थांबतो, त्याच्या डोळ्यांत रागाने पाहतो, एक कागद देतो आणि पुढे जातो. साधा माणूस असता तर बोलला असता. बाबू असता तर ओरडला असता.

"कौन विभाग के हैं?" एका जीपवाल्याने हळूच विचारलं.

"पता नहीं. बोलते ही नहीं."

"नहीं बोलते? तब तो ऊपर वाले होंगे."

नावेचा तांडेल दयाराम काठावर विडी ओढत बसला होता. त्याने विडी नदीत टाकली आणि शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली. शेंगदाणे खाणाऱ्या एका कुटुंबाने टरफलं वेचून स्वतःच्या पिशवीत भरली. यशवंतरावांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, पत्रक चांगलं छापलंय.

तेवढ्यात मागून हॉर्न! सगळी रांग डावीकडे टाकून, वाळू उडवत, एक पांढरी सुमो थेट नावेच्या तोंडाशी आली. पुढे लाल पाटी. 'पूर्व प्रत्याशी'.

तोच! पेट्रोलपंपवाला! यशवंतरावांच्या मस्तकात रक्त असं चढलं की कानशिलं वाजली. ते धावत जाऊन सुमोच्या पुढ्यात उभे राहिले. एकतीस वर्षांचा शब्दसंग्रह जिभेवर आला आणि सुपारीला आपटून परत गेला. उरलं फक्त एक बोट. ते त्यांनी रांगेच्या शेवटाकडे रोखलं.

सुमोतून भैय्यालाल उतरला. कडक खादी, काळा चष्मा. "आप जानते हैं हम कौन हैं?"

यशवंतरावांनी पाटीवरचे दोन्ही शब्द सावकाश वाचले. मग पेन काढलं. एक पत्रक उलटं केलं आणि त्यावर सुमोचा नंबर लिहायला लागले. रागाने त्यांचं अक्षर गिचमिड येत होतं, पण भैय्यालालला वाटलं की साहेब फार भरभर लिहितायत.

नव्या राजधानीत कोण कोणाला निलंबित करेल, कोण कोणाची फाइल उघडेल, याचा नेम नव्हता. बोलणाऱ्याशी बोलता येतं. लिहिणाऱ्याशी काय करणार!

"सर, हम तो... बस पानी देखने आए थे," भैय्यालाल म्हणाला, आणि सुमो उलटी, शंभर हात, रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

यशवंतराव पाहतच राहिले. आयुष्यभर भांडून एक स्कूटर सरळ झाली नव्हती, आणि इथे अख्खी सुमो उलटी गेली होती! त्यांना वाटलं आता राजधानीतल्या सगळ्या अध्यक्षांना असंच बोट दाखवत सुटावं.

नाव आली. यशवंतरावांनी बोटाने एकेक गाडी चढवली. दिवे बंद? बंद. हँडब्रेक? त्यांनी मुठीने हवेत ओढून दाखवला, सहा हँडब्रेक कर्रकन वर गेले. त्यात पाचवा सचिनचा होता.

"अहो, चढा आता!" इंदूताई खिडकीतून ओरडल्या.

यशवंतरावांनी एक पाय फळीवर ठेवला. नेमकं तेव्हाच उजवीकडच्या वाळूतून एक ट्रॅक्टर रांग टाळून खाली यायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत! माझ्या घाटावर! फळीवरचा पाय यशवंतरावांनी परत घेतला. ते गर्रकन वळले आणि ट्रॅक्टरकडे दोन्ही हात जोरजोरात हलवत निघाले: मागे! मागे! हो मागे!

"साहब, ढील दँव का?" दयारामने दोर हातात धरून मागून विचारलं.

साहेबांचे हात हलतच होते.

"हव साहब!" म्हणून दयारामने दोर सोडला.

ट्रॅक्टर मागे गेला. यशवंतराव विजयी मुद्रेने वळले. त्यांच्या आणि नावेच्या मधे वीस हात पाणी होतं, आणि ते वाढत होतं. मारुतीच्या खिडकीतून इंदूताई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी हात हलवला. घाबरून नव्हे, स्टेशनवर पोचवायला आलेल्या माणसाला हलवतात तसा.

"थूः!" सुपारी नदीत पडली. "अबे थांब! अबे दोर ओढ! मले काहून सोडून राहिला बे, नालायका!"

घाटावरची सगळी डोकी एकदम वळली. मग जीपवाला म्हणाला, "अरे! ये तो बोलते हैं!"

भैय्यालालने चष्मा काढून नीट पाहिलं. "बोलते क्या हैं, झगड़ते हैं! ये तो ब्राह्मणपारा वाले बड़े बाबू हैं! परसों पेट्रोल पंप में मेरे से भिड़े थे!"

शेंगदाणेवाल्या कुटुंबाने पिशवी उलटी करून टरफलं वाळूत ओतली.

पुढचा पाऊण तास यशवंतरावांनी काठावर येरझारा घातल्या. राग कोणावर काढायचा हेच ठरेना. खिशावर हात ठेवला की डबी लागायची, आणि डबी लागली की बहिणीचं रडणं ऐकू यायचं. अंगठी इकडे, मुहूर्त तिकडे!

अकरा पंचावन्नला नाव परत आली. यशवंतराव फळी पुरती टेकायच्या आत उडी मारून वर. "चल! लगेच चल! गाड्या राहू दे!"

"गाड़ी मन ल चढ़ावन दे न, बाबू." साहेबाचा बाबू झाला होता.

"गाड्या चढवत बसला तर पाऊण वाजते! मले एकट्याले सोड, मंग ये यांच्यासाठी!"

"अंकल," खालून भैय्यालाल म्हणाला, "लाइन." त्याच्या हातात पत्रक होतं आणि तो ते घसा साफ करून वाचत होता. "पैदल यात्री सब गाड़ियों के बाद. काम कितना भी अर्जेंट क्यों न हो. लाल स्याही में है."

"ते मीच लिहिलं आहे!"

"अच्छा लिखा है."

रांगेतले सगळे ड्रायव्हर पुढे जमले होते आणि प्रत्येकाच्या हातात ते पत्रक होतं. अखेर वाचलं होतं सगळ्यांनी. यशवंतरावांचा तोल गेला.

"तुम जानते नहीं मैं कौन हूँ?"

"जानते हैं," भैय्यालाल शांतपणे म्हणाला. "पूर्व साहब."

घाट हसला. ट्रॅक्टरवाला तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. यशवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं असं त्यांनी ठरवून टाकलं.

"भाचीच्या साखरपुड्याची अंगठी आहे माझ्याजवळ," ते म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बारा वीसचा मुहूर्त आहे. हे पाहा. खोटं नाही बोलून राहिलो."

त्यांनी डबी काढली, धागा तोडला, आणि झाकण उघडून सगळ्यांसमोर धरली.

आत मखमलीवर, अंगठीच्या जागी, एक अख्खी सुपारी होती.

"हव, मैं तो भुलागे रहेंव," दयाराम डोकं खाजवत म्हणाला. "बाई कहे हे, अंगूठी ओकर पर्स म हे. फिकर झन करहू, टेम म पहुँच जाही. अउ कहे हे, पहली सुपारी थूक देही तब ए दूसर वाला काम आही." म्हणजे अंगठी सकाळी देवघरातच इंदूताईंच्या पर्समध्ये गेली होती, आणि पहिली सुपारी थुंकल्यावर लागेल म्हणून ही दुसरी डबीत आली होती.

कोणी हसलं नाही. भैय्यालालनेही नाही, त्याचंही लग्न झालेलं असावं.

यशवंतरावांनी सुपारी उचलली, तोंडात टाकली, फळीवरून खाली उतरले आणि रांगेच्या पार शेवटी, ट्रॅक्टरच्या मागे, जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने मागून एक मोटारसायकलवाला आला, त्यांना पाहून बिचकला आणि मागच्या सीटवरच्याला हळूच म्हणाला, "ये कौन साहब हैं?"