नऊ अडतीसची बस

कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या म्हटल्या, की आधी त्या दोहोंच्या मध्ये एक कार्यालय उघडावं लागतं. हे सत्य जुनं आहे आणि त्याला अपवाद आढळलेला नाही. शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, ब्याण्णव पायऱ्या चढून गेल्यावर जे कार्यालय लागतं, ते याच सत्याच्या पायावर उभं आहे. दारावर पाटी आहे : 'समन्वय अधिकारी, रेल्वे व शहर वाहतूक जोडसेवा'. दाराआड खुर्ची, खुर्चीत साहेब.

साहेबांच्या खोलीला दोन खिडक्या. एकीतून फलाट दिसतो. दुसरी बसथांब्याकडे आहे, पण तिला जुनी रंगीत काच आहे आणि वारसा म्हणून ती उघडायची नाही, त्यामुळे तिच्यातून शहर नुसतंच जांभळं दिसतं. बस सुटल्याचं साहेबांना नोंदवहीवरून कळायचं. नोंदवहीत रोज 'प्रस्थान ९.३८'. मग चहाचा कप घेऊन साहेब पहिल्या खिडकीशी येत आणि बरोबर नऊ चाळीसला गाडी फलाटाला लागताना बघत. दोन्ही वेळेवर! आपल्याकडे काहीच वेळेवर होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा या खोलीत येऊन उभं राहावं, असं त्यांना फार वाटायचं. (अकरा वर्षांत कोणी आलं नाही. पायऱ्या ब्याण्णव आहेत.)

बस गाडीच्या आधी दोन मिनिटं सुटते, यात काही लोकांना खोट दिसायची. त्यांना इतिहास ठाऊक नव्हता. गाडीची वेळ बदलता येत नाही, कारण ती दगडावर कोरलेली आहे. खरोखरच्या दगडावर. मुख्य दालनाच्या कमानीवर, दोन दगडी सिंहांच्या मधोमध, 'सकाळची गाडी ९.४०' असं एकशे तीस वर्षांपूर्वी कोरून ठेवलंय आणि त्या कमानीला छिन्नी लावणं हा गुन्हा आहे. बसची वेळही बदलता येत नाही, कारण ती मुळात घोड्यांची आहे. बसच्या आधी त्या मार्गावर ट्राम होती, ट्रामच्या आधी घोड्यांची ट्राम, आणि घोड्यांना नऊ पंचेचाळीसला पुढच्या चौकातल्या हौदावर पाणी पाजावं असा ठराव झाला होता. घोडे गेले, हौद बुजवला, ठराव राहिला. तो रद्द करायला अश्वविभागाचं ना-हरकत पत्र लागतं आणि तो विभाग घोड्यांबरोबरच बंद झाला.

राहता राहिल्या टॅक्सी आणि रिक्षा. इमारतीचं दर्शनी सौंदर्य झाकलं जाऊ नये म्हणून त्यांचा तळ दीड किलोमीटर मागे हलवला होता. तिथून इमारत अजिबात झाकली जात नाही, हे विरोधकांनीही मान्य केलं आहे.

एवढ्या अडचणींतून साहेबांनी जो मार्ग काढला, त्याला तोड नाही. जोडसेवा वेळेत का मोजायची? अंतरात मोजायची! फलाटाच्या दारापासून बसथांब्यापर्यंत बासष्ट पावलं. ती साहेबांनी स्वतः मोजली, तीन वेगवेगळे बूट घालून. मग पुस्तिका निघाली. तिच्या सातव्या पानावर छापलं आहे : 'गाडी ९.४०. बस ९.३८. अंतर ६२ पावलं. जोड उपलब्ध.' त्यानंतर दर वर्षी सरासरी अकराशे तक्रारी आल्या आणि अकराशे निकाली निघाल्या. उत्तर एकच असायचं : 'पान सात पाहावे'.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एक वेगळीच तक्रार आली. तिच्यावर सत्तावीस सह्या होत्या आणि सगळ्या बसमध्ये आधीपासून बसलेल्या प्रवाशांच्या. नऊ अडतीसची बस रोज नऊ एकेचाळीसला सुटते, असं त्यांचं म्हणणं. साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. ते हातात घड्याळ घेऊन खाली उतरले आणि ओळीने नऊ दिवस थांब्यासमोरच्या खांबाआड उभे राहिले.

नऊही दिवस एकच प्रकार. नऊ अडतीसला वाहक बेल मारणार, तोच कापडी पिशवी घेतलेली साठीतली एक बाई बसच्या पायरीवर एक पाय ठेवी.

"काय हो, ही बस कोर्टावरून जाते का?"

"जाते, मावशी."

"आणि दवाखान्याला?"

"तिथेही जाते."

"मग आधी काय लागतं, कोर्ट का दवाखाना?"

"कोर्ट."

"बरंय बाई. आधी दवाखाना लागला असता, तर कोर्टात जायला त्राण उरलं नसतं. आणि पुलावरून जाते का पुलाखालून?"

वाहक शांतपणे उत्तरं देई. त्याचा इलाज नव्हता. शिष्टाचार नियम चौदाप्रमाणे पायरीवर उभ्या प्रवाशाच्या चौकशीचं समाधान केल्याशिवाय बेल मारता येत नाही. तेवढ्यात गाडी येई, दीडशेक माणसं बासष्ट पावलं धावत सुटत, बस भरे. मग मावशी म्हणत, "असं होय? उद्या बघते मग," आणि पाय काढून घेत. नऊ दिवसांत त्या एकदाही बसमध्ये चढल्या नाहीत.

दहाव्या दिवशी साहेबांनी त्यांना गाठलं.

"मावशी, तुम्ही रोज बस अडवता."

"अडवते कुठे? विचारते."

"पण जायचं नसताना विचारायचं कशाला?"

"चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली हो, साहेब. पलीकडचा माणूस येईपर्यंत लाइन धरून ठेवायची. निवृत्त झाले, पण हात रिकामे बसवत नाहीत."

"तुमच्यामुळे बसला तीन मिनिटं उशीर होतो!"

"छे, छे. वही बघा ना. नऊ अडतीसच लिहिलंय."

साहेब वर गेले आणि हुकूम काढला : प्रस्थानपूर्व चौकशी माणशी एक, आठवड्यातून एकदा. त्याच्या बारा प्रती थांब्यावर चिकटवल्या. दुसऱ्या दिवसापासून बस नऊ अडतीसला सुटू लागली, आणि इतकी मोकळी, की बसलेल्या सत्तावीस जणांना पायही पसरता यायचे. दीडशे माणसं दहा पंचवीसच्या बसची वाट बघत उभी राहायची, पण त्यांचा प्रश्न वक्तशीरपणाच्या कक्षेत येत नव्हता. वरून साहेबांना प्रशस्तिपत्र आलं. ते त्यांनी जांभळ्या खिडकीवर लावलं. तशीही ती उघडत नव्हती.

याला बारा दिवस झाले आणि तेराव्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. साहेबांची लेक आजोळी राहून शिकली होती आणि अजून तिथेच राहत होती. ती गाडीतून बोलत होती.

"बाबा, मी येतेय! पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मुलाखत आहे, सव्वादहाला. तुम्हाला आयत्या वेळी सांगून चकित करायचं होतं."

साहेब खुर्चीतून उठले. तीन वर्षं ही पोर त्या एका जागेसाठी धडपडत होती. मागच्या वेळी एका क्रमांकाने हुकली, तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. वयाची अट यंदा संपत होती. आणि प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"अगं, काल संध्याकाळच्या गाडीने नाही का यायचं?"

"कशाला? तुमची पुस्तिका आहे ना माझ्याकडे. पान सात. जोड उपलब्ध. आजी म्हणत होती काल निघ, पण मी म्हटलं, बाबांनी छापलंय ते खोटं असेल का?"

"पळायची तयारी ठेव," एवढंच साहेब म्हणाले.

"पळायचं कशाला? बासष्टच पावलं ना?"

फोन ठेवून साहेबांनी बसच्या आगाराला फोन लावला. आज बस तीन मिनिटं थांबवाल का? आगारातल्या कारकुनाने अदबीने सांगितलं, की असा अर्ज समन्वय अधिकाऱ्यांमार्फत यावा लागतो. साहेबांनी घाईघाईने अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला, आणि हाताला लागलेल्या सवयीने त्यावर शेरा मारला : 'दहा कामकाजी दिवसांत विचार करण्यात येईल.' शेऱ्याखाली सही झाल्यावर त्यांना काय झालं ते कळलं. आता तो खोडायचा तर खाडाखोडीबाबतचा स्वतंत्र अर्ज लागला असता. त्यांनी पेन टाकलं आणि पायऱ्या उतरू लागले.

खाली पोचले तेव्हा नऊ सदतीस झाले होते आणि त्यांना धाप लागली होती. बस उभी होती. मावशी शेजारच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी पायरीवर पाय ठेवला.

"ही बस... पाणीपुरवठा कार्यालयाला जाते का?"

"जाते, साहेब," वाहक म्हणाला आणि त्याने बेलच्या दोरीला हात घातला.

"आणि... पुलावरून जाते का?"

वाहकाने हुकमाच्या बारा प्रतींपैकी सगळ्यात जवळच्या प्रतीकडे बोट दाखवलं. "साहेब, माणशी एक. आपलीच सही आहे."

"अहो, चढा तरी नाहीतर उतरा तरी!" आतून कोणीतरी ओरडलं.

साहेब बाकाकडे धावले. अकरा वर्षांत ते कोणापुढे वाकले नव्हते, आता कमरेत वाकले.

"मावशी, काहीतरी विचारा. लेक आहे माझी गाडीत."

"माझा या आठवड्याचा प्रश्न सोमवारीच संपला, साहेब." मावशींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "पण नियम माणशी एक असाच आहे ना? मग माणसं काय कमी आहेत इथे? मला हे पहिल्याच दिवशी सुचलं होतं. म्हटलं, ज्याने सही केली त्याने येऊन सांगावं."

"सांगतो! सांगतो की!"

मावशींनी टाळी वाजवली आणि थांब्यावरची झाडून सगळी मंडळी उठली. पहिला आला हमाल, ज्याने याच थांब्यासमोर तीस वर्षं ओझी वाहिली होती. त्याने पायरीवर पाय ठेवून गंभीरपणे विचारलं, "काय हो, इथलं रेल्वे स्टेशन कुठे आहे?"

वाहक मागे वळला. त्याने घुमटाकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं, दोन्ही सिंहांकडे पाहिलं. नियम चौदाला विनोद चालत नाही. "हे समोर दिसतंय ना," तो म्हणाला, "तेच."

"हेच होय? मला वाटलं मोठं असेल."

मग बूटपॉलिशवाला आला. या बसमध्ये अनवाणी चढलेलं चालतं का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. वर्तमानपत्रवाल्याने कालच्या बसबद्दल विचारलं. झाडूवाल्या बाईंनी विचारलं, बस आतून कोण झाडतं, आणि उत्तर ऐकून "झाडतं म्हणे!" असं म्हणून त्या खाली उतरल्या. वाहतूक पोलिसाने शिट्टी खिशात ठेवून डावीकडे कसं वळायचं ते विचारलं. बसमधले सत्तावीस जण खिडक्या बडवत होते. वाहक एकेकाला तपशीलवार उत्तर देत होता आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कामाचं समाधान दिसत होतं.

नऊ चाळीस. गाडी लागली. दारातून माणसांचा लोंढा फुटला आणि साहेबांना लेक दिसली. काखेत कागदांची फाइल, पायांत कधी न घातलेले उंच टाचांचे बूट. ती पळत होती. बापाला पाहून हसलीसुद्धा, पण थांबली नाही, हे तिचं शहाणपण. बासष्ट पावलं तिने चाळिसांत काढली आणि उडी मारून बसमध्ये शिरली. खिडकीची एक जागा रिकामी होती, ती तिला मिळाली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत जोडलेली ही पहिली जोड, आणि ती घरचीच निघाली.

मागून माणसं येतच होती. काठी टेकत येणारे एक आजोबा, कडेवर एक आणि हाताला एक मूल घेतलेली बाई, दोघांत एक पेटी उचललेले नवराबायको. विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. वाहकाने दोरी धरली, पण ओढली नाही. तो आजोबांची पावलं मोजत होता.

लेकीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो काका, मारा ना बेल! किती वेळ थांबायचं? आम्हाला कामं आहेत."

बेल वाजली. आजोबा अजून आठ पावलं लांब होते.

ती नऊ मिनिटं आधी पोचली आणि नोकरी तिला मिळाली, गुणवत्तेवर. मुलाखतीत प्रवासाबद्दल विचारलं, तेव्हा तिने जोडसेवेची मोकळेपणाने तारीफ केली. इकडे थांब्यावर मावशींनी साहेबांना विचारलं, "आता उद्या कोण विचारणार? सगळ्यांचे प्रश्न संपले." साहेब अजून डोळे पुसत होते. "करू काहीतरी," ते मनापासून म्हणाले, "तुम्ही एक अर्ज देऊन ठेवा." आणि बसला तीन मिनिटं उशीर झाल्याची नोंद घ्यायला ते वर गेले.

आता काही वाचक त्या मुलीला नावं ठेवतील. त्यांनी अवश्य ठेवावीत, फक्त आधी एवढं आठवून बघावं, की धावत पकडलेल्या बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावर आपण पहिलं वाक्य काय बोललो होतो. आठ पावलं मागे राहिलेल्या त्या आजोबांचं पुढे काय झालं, तेही इथे सांगता आलं असतं. पण तुम्ही केव्हाच घड्याळाकडे पाहिलंत.