जिना असलेलं घर

अमेरिकेत हर्नडनमधलं, राहत्या घराच्या भिंतीला लागूनच असलेलं आपलं दुसरं टाउनहाउस भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा रिटायर्ड इंजिनिअर गुरुनाथकाकांनी एकच अट घातली: लहान मुलं नकोत.

"अहो, असं म्हणता येत नाही इथे," पद्मजाकाकू म्हणाल्या.

"मी प्रेमानं सांगेन."

देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, नवऱ्याची, शंतनूची, नोकरी गेली म्हणून इकडे येऊ घातलेल्या स्वानंदीनं घराची चौकशी केली. तिला दोन मुलं, धाकटं रांगणारं. काकांनी मेसेज केला, 'बेटा, घरात जिना आहे. मुलं असलेल्यांना मी घर देत नाही.' शेवटी हात जोडलेला इमोजी.

काही आठवड्यांनी त्यांच्यावर भेदभावाची तक्रार दाखल झाली.

"भेदभाव? ती आपल्यातलीच आहे!" काका आपल्या वकिलीणबाई अनयासमोर ओरडले.

"काका, मुलं आहेत म्हणून नाकारणं हाही भेदभावच. आणि तुम्ही तो लिहून दिलात," अनया म्हणाली.

"पण मी नमस्कार केला होता!"

चूक निस्तरायला काकांनी परस्पर स्वानंदीला फोन केला. "मुलं शांत असतील तर विचार करू," म्हणाले. तेही तक्रारीत जोडलं गेलं. मग त्यांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं, 'यापुढे घर फक्त मुलं असलेल्यांनाच!' अनयानं ते डिलीट करायला लावलं आणि त्यांचा फोन काकूंच्या ताब्यात दिला.

तडजोडीच्या बैठकीत स्वानंदी धाकट्याला मांडीवर घेऊन आली होती.

"सगळे गोडच बोलत होते, काका. कुणाच्या घरात जिना, कुणाकडे नवीन कार्पेट. आम्ही मोटेलमध्ये राहिलो. तिथेच ह्याला न्यूमोनिया झाला. शंतनू नवीन नोकरीवर, सुट्टी मागायची सोय नाही. मी एकटीच हॉस्पिटलमध्ये बसून घरं शोधत होते."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

त्यांनी सगळं कबूल केलं: भरपाई, कायद्याचा क्लास, लेखी माफी. शेवटी म्हणाले, "आणि घर तुमचं. आजच किल्ली घे. जिन्याला गेट मी स्वतः बसवलंय."

"नको, काका."

"का गं?"

"रात्री हा रडला की मी घाबरून तोंड दाबेन ह्याचं. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

पद्मजाकाकूंनी मुलाला उचलून घेतलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मग काका अनयाकडे झुकले.

"तिला असं 'नाही' म्हणता येतं? कायद्यानं?"

"येतं, काका."