मशीनीतल्या हिऱ्यांचे मनोहरभाऊ

मनोहरभाऊ कळंबे तुम्हाला पहिल्यांदा भेटले तर नमस्कार करणार नाहीत. आधी तुमच्या अंगावर काय चमकतंय ते पाहतील. मग खिशातून जाड पेनासारखं एक यंत्र काढतील आणि न विचारता त्याचं टोक तुमच्या अंगठीच्या खड्यावर टेकवतील. 'पीं' वाजलं तर हिरा. नाही वाजलं तर यंत्र खिशात परत जातं आणि मनोहरभाऊ मयतीला आल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "राहू द्या. घडाई चांगली आहे."

माझ्या दोन्ही कुड्या त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केल्या. त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या लक्ष्मीच्या मुकुटाकडेही ते बराच वेळ पाहत होते.

माझं पांढुर्ण्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शेजारचा गाळा बरीच वर्षं रिकामा होता, त्यात हे गृहस्थ येऊन बसले. त्याआधी ते सौसरला वडिलांच्या सराफी दुकानात होते. एकदा कुणाच्या तरी लग्नाला म्हणून सुरतेला गेले, तिथं एकानं त्यांना कारखाना दाखवला आणि माणूस कायमचा बदलून परत आला.

"वहिनी, बी टाकतेत हो! हिऱ्याचं बी! कपाटाएवढी मशीन, आत गॅस सोडतेत, आन् तीन-चार हप्त्यांत पीक तयार. ना पाऊस पाहिजे, ना फवारणी. रोही-डुकरं वावरात घुसाची भीती नाही!"

हेच त्यांनी घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी हातातलं जोडवं पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या गादीवर बसाचं तर सोनं-चांदी. मशीनीतली खडी विकाची तर दुसरं गाव पाहा." मनोहरभाऊंनी दुसरं गाव पाहिलं. त्या दिवसापासून बाप लेकाशी बोलत नाही. हे मनोहरभाऊंनीच मला हसत हसत सांगितलं. "एकदम असली अबोला आहे, वहिनी. पेन लावून पाहा, वाजनच."

दुकानाचं उद्घाटन एका पुढाऱ्याच्या हस्ते झालं. हिरे सुरतेहून येणार होते, पण ते मागच्या खोलीतच पिकणार अशी त्या पुढाऱ्यांची समजूत होती. "आपला पांढुर्णा जिल्हा झाला, आता जिल्ह्याचा हिरा जगात जाईल," असं ते माइकवर बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीसाठी बारा पोरं रांगेत उभी. त्यांच्या मागं रामाकोना गावचे एक शेतकरी काका. त्यांना विचारायचं होतं की हिऱ्याचं बी एकरी किती लागतं. मनोहरभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "म्हणजे संत्र्यालेच खत टाकू म्हनता."

खरी अडचण गिऱ्हाइकांची होती. बाया यायच्या, अंगठी घालून बघायच्या, हात लांब करून मोबाईलवर फोटो काढायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "पण भाऊ, हे असली आहे का?"

झालं. मनोहरभाऊ खुर्चीवरून उठायचे.

"असली म्हणजे काय, मले सांगा! तुम्ही संत्रं खाता, ते कलमाचं असते का नाही? कलम कुठून येते? नर्सरीतून. मग ते संत्रं नकली आहे काय? रस नाही निघत त्याच्यातून?"

बाया कबूल करायच्या की रस निघतो. मग जाऊन सोनं घ्यायच्या. सहा महिन्यांत निम्म्या गावाकडे फोटो होते आणि सगळ्या अंगठ्या मनोहरभाऊंकडे.

अशातच आमच्या लायनीतल्या स्टेशनरीवाल्या बोबडेंच्या पल्लवीचा साखरपुडा निघाला. आम्हा सगळ्या दुकानदारांना बोलावणं होतं. मुलाच्या आईनं मखमलीची डबी उघडली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या सासूबाईंचा हिरा आहे. खानदानी."

मी वळून मनोहरभाऊंकडे पाहिलं. ते खुर्चीवर नव्हते.

ते स्टेजवर होते. "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत त्यांनी पल्लवीचा हात हातात घेतला आणि पेन टेकवलं. वाजलं नाही. रुमालानं खडा पुसून पुन्हा टेकवलं. नाही वाजलं. तिसऱ्यांदा टेकवलं तेव्हा बँडवालासुद्धा थांबला होता. तिथं तरी माणसानं गप्प बसावं की नाही? मनोहरभाऊंनी मुलाच्या आईकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "राहू द्या. घडाई चांगली आहे."

पुढचा गोंधळ काय सांगू? मुलाच्या मामानं त्यांची कॉलर धरली. बोबडे हात जोडून सगळ्यांच्या पाया पडायला लागले, चुकून फोटोग्राफरच्याही पडले. "आमची इज्जत काढली, उठा सगळे," असं मुलाची आई ओरडली आणि पाहुणे खरंच उठायला लागले. सोयरीक मोडलीच म्हणून मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात पल्लवी बोलली. होणाऱ्या सासूशी, शांतपणे बोलली. "आई, मी काय अंगठीसंगं लग्न करून राहिली का? बसा नं तुम्ही."

ती माऊली बसली. साखरपुडा त्याच अंगठीवर झाला. आम्ही मनोहरभाऊंना मागच्या दारानं काढलं. जिन्यात ते मला म्हणतात, "वहिनी, माझ्याकडून एक पीस फुकट दिला असता नं मी. कोणी विचारलंच नाही!"

त्यानंतर रस्त्यात मनोहरभाऊ दिसले की बाया कानावर पदर ओढून घ्यायला लागल्या. आता दुकान बंद पडणार, असंच सगळे म्हणत होते. झालं उलटंच. दुपारच्या वेळी, रस्ता रिकामा असताना, एकेक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून शिरायला लागली. कुणाची नथ, कुणाच्या कुड्या, कुणाची सासरहून आलेली अंगठी. "भाऊ, जरा लावून पाहा. पण कोणाले सांगू नका." भाऊ पेन लावायचे. बहुतेक वेळा वाजायचं नाही. ती बाई दागिना रुमालात गुंडाळायची, पुन्हा सोडायची आणि मग विचारायची, "ह्याच मापाचा तुमच्याकडचा बसवून देता का? घरी समजायला नको."

तर गावात जेवढं खानदानी नकली होतं, तेवढ्यावर मनोहरभाऊंचं दुकान चाललं. मला नावं विचारू नका. मला सगळी माहीत आहेत, कारण मधली भिंत पातळ आहे.

मागच्या महिन्यात मी बहिणीसोबत जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले होते. शनिवार होता. शनिवारी मनोहरभाऊंचं दुकान बंद असतं. विचारलं की "पार्टीसंगं मीटिंग आहे" म्हणतात. परतताना बहिणीच्या नथीची तार तुटली आणि दोन मोती ओघळले. सौसरला उतरून चौकशी केली, तर मोत्याचं काम म्हातारे कळंबेच करतात म्हणून कळलं.

छोटंसं दुकान. गादीवर जाड चष्म्याचे म्हातारे, आणि त्यांच्या बाजूला सतरंजीवर मांडी घालून, हातात चिमटा घेऊन, आमचे मनोहरभाऊ. मला पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बोटानं खूण केली की गावात बोलू नका.

म्हाताऱ्यांनी नथ डोळ्याशी नेली. मग मला म्हणाले, "बाई, त्याले सांगा, तार बारीक पाहिजे."

मी आजूबाजूला पाहिलं. आम्हा चौघांशिवाय दुकानात कुणी नव्हतं. "मनोहरभाऊ, तार बारीक पाहिजे म्हणतात."

"वहिनी, बाबाले सांगा, याच्याहून बारीक तार येत नाही."

"त्याले सांगा, येते. वरच्या कप्प्यात पाहा म्हना."

अर्धा तास मी असं टपालखातं चालवलं. गिऱ्हाईक नसलं की दोघं दिवसभर मुके बसत असणार. मोत्याचं भोक म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं. तार तीनदा बाजूनं गेली. मनोहरभाऊंनी मोती घेतले, ओवले आणि नथ परत बापाच्या बोटांत ठेवली. म्हाताऱ्यांनी शेवटचा पीळ दिला आणि माझ्यासमोर धरली. "पाहा. पन्नास वर्षांचा हात आहे."

"असा हात पांढुर्ण्यात कोणाचा नाही," मनोहरभाऊ म्हणाले. अर्थातच, मला.

आम्ही उठलो. बहीण बसच्या घाईनं पायरी उतरलीसुद्धा. म्हातारे हत्यारं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, त्याले विचारा, जेवला का."

मी मनोहरभाऊंकडे पाहिलं. दिवसभर मशीनीवर, कलमांवर, असलीवर बोलणारा माणूस. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि परत उचलला.

"नाही जेवले," मीच सांगितलं.

म्हाताऱ्यांनी गादीमागचा डबा ओढला आणि दोघांच्या मधोमध ठेवून झाकण काढलं. पोळ्या दोघांपुरत्या होत्या.